बल्ब बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

संपादक महोदय,

गणपतीला कोकणात निघण्याआधी ब्रेक, टायर, वायपर बघून होतात आणि मग गाडीचे दिवे ‘वाढवून’ घेण्याची टूम निघते. ‘डिपरवर (खालच्या झोतावर) रस्ताच दिसत नाही’ ही तक्रार खरी असते. पण बल्ब बऱ्याचदा निर्दोष असतो, दोष त्याच्या मागच्या वायरिंगमध्ये किंवा पुढच्या काचेत असतो. तरी पैसे बल्बवरच खर्च होतात, कारण बल्ब बदलायला पाच मिनिटे लागतात आणि विकायला दोन.

आधी मल्टिमीटर घ्यावा. इंजिन चालू, डिपर चालू. बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.२ व्होल्ट दिसतील. आता बल्बच्या मागच्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) पाठीमागून मीटरची टोके घालून कॉमन पिन (दोन्ही झोतांना सामाईक) आणि डिपरची पिन यांच्यातले व्होल्टेज मोजावे. हे माप बल्ब जोडलेला आणि पेटलेला असतानाच घ्यायचे. बल्ब काढून मोजले तर करंटच वाहत नाही आणि सगळे छान दिसते. दोन्ही आकड्यांत अर्धा व्होल्ट फरक चालेल. एक-दीड व्होल्ट असेल तर दुखणे तिथे आहे. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने घटतो: १३.२ चे १२ व्होल्ट झाले की पाव हिश्शाहून अधिक उजेड गेला. नवा बल्ब लावूनही तो परत येत नाही.

घट कुठे होते? अर्थच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या वायरच्या, गंजलेल्या नटाखाली, काळपट पडलेल्या कपलरमध्ये, आणि जुन्या छोट्या गाड्यांत स्टिअरिंगखालच्या स्विचमध्ये, कारण तिथे पूर्ण करंट स्विचमधूनच जातो. अर्थचा पॉइंट पॉलिशपेपरने घासून पुन्हा आवळणे हा फुकटातला उपाय. त्याने भागले नाही तर रिले किट. रिले म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर चालून बल्बला थेट बॅटरीचा करंट देणारा खटका. डिपरला एक, अप्परला (लांबच्या झोताला) एक असे ३० अँपिअरचे दोन रिले, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, सिरॅमिक होल्डर. रिलेच्या ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला बल्ब, ८६ ला जुन्या कपलरचा सिग्नल, ८५ ला अर्थ. एक खोच मात्र लक्षात ठेवावी. काही जपानी घडणीच्या गाड्यांत एच४ ची (डिपर-अप्पर एकत्र असलेल्या हॅलोजन बल्बची) कॉमन पिन अर्थ नसते, कायम पॉझिटिव्ह असते आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे बाजारातले साधे किट तसेच्या तसे चालत नाही. आणि ज्या नव्या गाड्यांत दिवे कंट्रोल मॉड्यूल (गाडीचा कॉम्प्युटर) चालवते, तिथे रिले किटच्या वाटेला जाऊच नये. रिले कटकटतो किंवा डॅशबोर्डवर एरर येते.

दुसरी गोष्ट हेडलाइटची पुढची काच, म्हणजे खरे तर पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक. पिवळी पडलेली काच उजेड खाते आणि उरलेला भलतीकडे पसरवते. ८०० नंबरपासून १०००, १५००, २००० असे ओले पॉलिशपेपर मारून शेवटी पॉलिश केले की ती स्वच्छ होते. पण वर यूव्ही लॅकर (उन्हापासून वाचवणारा थर) मारला नाही तर काही महिन्यांत पुन्हा तीच. ही शेवटची पायरी सर्रास गाळली जाते.

एवढे करूनही बल्ब घ्यायचाच असेल, तर जुना एच४ हातात घेऊन एकदा नीट बघावा. आत दोन फिलामेंट आहेत. त्यांतल्या डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची नखाएवढी वाटी आहे. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते, कारण रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डिपरची भिंतीवर दिसणारी कापल्यासारखी कड या वाटीमुळे येते. म्हणजे अख्खा रिफ्लेक्टर साडेपाच मिलिमीटरच्या एका तारेसाठी कोरलेला आहे. फोकस अंतर २५ मिमी धरले, तर ती तार एक मिलिमीटर वर-खाली झाली की त्या भागातला झोत सुमारे सव्वादोन अंशांनी, म्हणजे चार टक्के सरकतो. डिपरचा उतार, म्हणजे झोत पुढे जाताना जितका खाली उतरतो तो, असतो एक ते दीड टक्का. हिशेब ज्याचा त्याने करावा.

म्हणून हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालण्याला आमचा विरोध आहे. त्यात चारी बाजूंनी उजळणारी बारीक तार नसते. पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चपट्या चिप असतात आणि मध्ये पट्टीची जाडी. दुकानदार दोन मीटरवरच्या शटरवर झोत मारून दाखवतो, पांढराशुभ्र ठिपका दिसतो, गिऱ्हाईक खूश. रस्त्यावर गाडीच्या पुढ्यात लख्ख, पन्नास मीटरवर अंधार, आणि समोरचा आंधळा. खोक्यावरच्या ‘२०,००० ल्युमेन’ला (ल्युमेन हे उजेडाचे माप) तर काहीच अर्थ नाही, मानकाप्रमाणे एच४ चे डिपरचे फिलामेंट १३.२ व्होल्टला १००० ल्युमेन देते, अप्परचे १६५०, पंधरा टक्के इकडे-तिकडे. शिवाय मागचा पंखा मावत नाही म्हणून रबराची टोपी कापतात आणि पावसाळ्यात हेडलाइटच्या आत दव धरते. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली, तीही गाडीच्या मॉडेलनुसार तपासून, यादी करून. एकच बल्ब सगळ्या गाड्यांना चालेल, असे तिथेही कोणी म्हणत नाही. मूळचे एलईडी हेडलाइट असतात त्या गाड्यांची गोष्ट वेगळी.

नेहमीच्या ६०/५५ ऐवजी १००/९० वॉटचा (अप्पर/डिपर) हॅलोजन हा जुना मोह. सॉकेट तेच, बसतो बेमालूम. पण दोन बल्बांचा अप्परचा करंट दहावरून जवळपास सतरा अँपिअरवर जातो. फ्यूज उडाला तर नशीब. मोठा फ्यूज घातला तर कपलर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा चकाकता थर करपतो. तो पुन्हा चढवणे परवडत नाही, अख्खा हेडलाइट घ्यावा लागतो. कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार मालकाने केलेल्या बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

मग घ्यावे काय? ६०/५५ वॉटचाच, बुडावर वर्तुळातल्या ‘ई’ची मान्यताखूण असलेला, स्वच्छ काचेचा बल्ब. ‘१३० टक्के जास्त’ लिहिलेले बल्बही ६०/५५ चेच असतात. तार बारीक आणि घट्ट वळलेली असते. तो आकडा रस्त्यावरच्या ठरावीक बिंदूंपुरता आणि मानकातल्या किमान मर्यादेशी तुलना करून दिलेला असतो, एकूण उजेडाचा नव्हे. फरक जाणवतो, पण बल्ब लवकर जातो; डिक्कीत सुटा जोड ठेवावा. निळी झाक असलेले घेऊ नयेत. ती निळाई काचेवरचा रंग गाळून आणतो, म्हणजे आहे त्यातलाच उजेड कमी होतो. ओला डांबरी रस्ता आधीच बराचसा उजेड आरशासारखा पुढे फेकत असतो, त्यात ही भर कशाला?

बसवताना काचेला बोट लावू नये. तेलाच्या डागापाशी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर फुटतो. लागलेच तर स्पिरिटने पुसून कोरडा करावा. एच४ च्या चकतीचे तीन कान आहेत, त्यांतला रुंद कान वर. स्प्रिंग क्लिप दोन्ही बाजूंनी बसली की बल्ब हलता कामा नये. दोन्ही बल्ब एकदमच बदलावेत.

आणि झोत लावून घ्यावा. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर, डॅशबोर्डवरचा दिव्यांचा झोत वर-खाली करणारा खटका शून्यावर, गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून पाच मीटर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खूण करावी. डिपरची आडवी कड तिच्या पाच ते साडेसात सेंटिमीटर खाली हवी. डावीकडे ती वर चढलेली दिसेल, ते बरोबर आहे. दिवा ६५ सेंटिमीटरवर आणि उतार १.२ टक्के असला, तर झोत ५४ मीटरवर रस्त्याला टेकतो. ताशी ८० ला ते अंतर अडीच सेकंदांचे.

मागे तिघे बसले आणि डिक्की भरली की गाडीचे नाक वर होते आणि ही सगळी मेहनत वाया जाते. खटका त्यासाठीच आहे. निघताना तो दोन किंवा तीनवर ठेवावा, गावी सामान उतरवल्यावर परत शून्यावर.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सातारा