नाट्यगृह बांधाल हो, पण चालवणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, तेव्हापासून तुमच्या पेपरात या नाट्यगृहाबद्दल जे जे छापून येतं ते सगळं मी वाचतो. निधी किती, टेंडर कुणाला, दगडी भिंती ठेवणार की पाडणार, छत कसलं, खुर्च्या कसल्या. सगळं येतं. फक्त उद्या पडदा उघडल्यावर ते चालवणार कोण याबद्दल एक ओळ पण कुठं दिसली नाही. कोण म्हणजे कुठलं खातं ते विचारत नाहीये मी, माणूस कोण ते विचारतोय. आणि हे समजावायला मला एका मुंबईच्या पारशी गृहस्थांची गोष्ट सांगायची आहे, पत्र जरा लांबेल, सांभाळून घ्या.

जमशेद भाभा. नाव घेतलं की लोक विचारतात, ते अणुशास्त्रज्ञ का? ते होमी भाभा, हे त्यांचे धाकटे भाऊ, जन्म १९१४. आयुष्यभर टाटांकडं नोकरी, टाटा सन्सचे डायरेक्टर, टाटा ट्रस्टचं काम बघायचे. स्टेजवर कधी उभे राहिले नाहीत. पण नरिमन पॉइंटच्या टोकाला समुद्राला लागून जे एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, उभं आहे ते या माणसाचं काम. आता आपल्याकडं गवयाचा सत्कार होतो, नटाचा होतो, लेखकाचा होतो, झालंच तर नेपथ्यवाल्याचा पण होतो कधीमधी, पण ज्यानं हॉल उभा केला, तारखा लावल्या, लाइटबिल भरलं, परवानग्या काढल्या आणि कलाकाराला वेळेवर पाकीट दिलं त्याचा फोटो कुठं बघितलाय तुम्ही? त्याला आपण व्यवस्थापक म्हणतो आणि विषय संपवतो.

भाभांच्या डोक्यात मूळ कल्पना थिएटरची नव्हतीच. आपलं संगीत तोंडी चालत आलेलं, गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात, कागदावर फारसं काही नाही, म्हातारे उस्ताद आणि पंडित एकेक करून जाणार आणि त्यांच्यासोबत त्यांच्या चिजा पण जाणार, तर त्याआधी हे सगळं रेकॉर्ड करून ठेवायला आणि शिकवायला एक जागा पाहिजे. १९६६ च्या जानेवारीत होमी भाभांचं विमान माँ ब्लाँवर कोसळलं, आणि पुढं तीन वर्षांत, १९६९ मध्ये, भुलाभाई देसाई रोडवर आकाशगंगा नावाच्या बिल्डिंगमध्ये या संस्थेचं काम सुरू झालं. जेआरडी टाटा पाठीशी होते. म्हणजे सुरुवात एका बिल्डिंगमधल्या जागेत आणि टेप रेकॉर्डरवर, आधी काम आणि मग वास्तू. आपल्याकडं बरोबर उलटं असतं बघा, आधी कोनशिला, मग वास्तू, मग उद्घाटन, आणि मग सगळे एकमेकांकडं बघतात की आता इथं करायचं काय.

मग सरकारनं नरिमन पॉइंटला आठ एकर जागा दिली. जागा म्हणजे काय तर समुद्र! आधी भराव टाका आणि मग बांधा. दुसरा कुणी असता तर तिथंच हात जोडून मोकळा झाला असता. यांनी भराव टाकला आणि टाटा थिएटर उघडलं १९८० मध्ये, इंदिरा गांधींच्या हस्ते. आकाशगंगेत काम सुरू झाल्यापासून अकरा वर्षं. या अकरा वर्षांत किती फायली, किती मंत्री, किती चकरा झाल्या असतील याचा मी फक्त अंदाज करू शकतो, पण सरकारी ऑफिसात ज्यानं एका साध्या परवानगीसाठी हेलपाटे घातलेत त्याला जास्त सांगायला नको.

मला सगळ्यात भारी काय वाटतं सांगू का? आर्किटेक्ट आणला फिलिप जॉन्सन, अमेरिकेतला, ज्याला १९७९ मध्ये वास्तुकलेचं पहिलं प्रित्झकर बक्षीस मिळालं तो. आवाजाचं काम दिलं सिरिल हॅरिसला, ज्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचं केलं होतं. एवढी दोन मोठी माणसं आणली पण त्यांना हात मोकळे सोडले नाहीत, हा हॉल आपल्या गाण्याबजावण्यासाठी आणि नाचासाठी आहे हे आधी ठरवलं होतं. म्हणजे तंबोरा माइकशिवाय ऐकू आला पाहिजे, आणि भरतनाट्यम करणाऱ्या बाईचा डोळा मागच्या माणसाला दिसला पाहिजे. म्हणून लांबलचक डबा न करता पंख्यासारख्या पसरलेल्या खुर्च्या, हजाराच्या आसपास, आणि माइक न लावता शेवटच्या रांगेपर्यंत आवाज. हॉल कशासाठी हे ठरलं की बाकीचं आपोआप ठरत जातं. आता आपल्याकडं नवीन नाट्यगृहाचा प्लॅन होतो तेव्हा तिथं नाटक होणार, गॅदरिंग होणार, पक्षाचा मेळावा होणार, लग्नाचं रिसेप्शन पण होणार, मग आवाज कुणाच्या हिशोबानं लावायचा? कुणाच्याच नाही. मग येतात ते मोठे स्पीकर आणि पहिल्या तीन रांगांचे कान बधिर.

पुढं १९८६ मध्ये तिथं एक्सपेरिमेंटल थिएटर झालं, छोटं, खुर्च्या पाहिजे तशा फिरवता येतात असं. आणि माणसं कोण आणली बघा. पुलं तिथं मानद संचालक होते. डॉ. अशोक रानडे होते, संगीतावर त्यांच्या तोडीचा अभ्यास असलेला माणूस आपल्याकडं क्वचित. नव्वदच्या दशकात विजया मेहता कार्यकारी संचालक झाल्या आणि पुढं कितीतरी वर्षं त्यांनी ते सांभाळलं. म्हणजे ज्यांनी स्वतः नाटक बसवलंय, रंगायनसारखी संस्था काढून चालवलीय, ज्यांना माहितीय की ग्रँड रिहर्सलला लाइटवाला उशिरा आला की काय होतं, अशांच्या हातात कारभार. भाभा स्वतः मागं राहून पैसा, ट्रस्ट आणि सरकार सांभाळत बसले. मला विचाराल तर त्यांचं खरं कसब इथं आहे. पैसे गोळा करणारी माणसं पुष्कळ असतात हो, पैसे गोळा करून वर कलाकाराच्या कामात नाक न खुपसणारी फार थोडी.

लोक म्हणतील, एनसीपीए म्हणजे साउथ बॉम्बेच्या श्रीमंतांचं, आमच्या गिरगाव-लालबागच्या माणसाला तिथं परकं वाटायचं. खरं आहे, मी नाही म्हणत नाही. तिकीट, पत्ता, शेवटची लोकल, सगळंच अवघड. तिथं मराठी नाटकाचा प्रतिबिंब महोत्सव होतो हे चांगलंच आहे, पण तेवढ्यानं ते अंतर मिटलं असं मी म्हणणार नाही. तो दोष आहेच.

आता आगीबद्दल. १९९७ मध्ये एनसीपीएचं मोठं थिएटर, ऑपेरा-बॅलेसकट सगळं करता येईल असं, जवळजवळ पूर्ण होत आलेलं असताना जळालं. भाभा तेव्हा ८२-८३ वर्षांचे. या वयात आपल्याकडची माणसं औषधाच्या डब्या मोजत बसतात आणि त्यात चुकीचं काही नाही. यांनी परत सुरुवात केली. १९९९ मध्ये थिएटर उघडलं पण, आत मलबार हिलच्या जुन्या पेटिट हॉल बंगल्यातला संगमरवरी जिना आणून बसवलेला, तो बघायला तरी एकदा जावं असा आहे. आज त्या थिएटरला नाव जमशेद भाभा थिएटर. दोन वर्षात! मी हे कुणाला टोमणा मारायला लिहीत नाही, त्यांच्यामागं टाटा होते, आपल्याकडं महापालिका आहे, शासनानं २० कोटी जाहीर केले ते चांगलंच केलं. दगडी भिंती १९१५ च्या, शाहू महाराजांच्या काळातल्या, घाईगडबडीत तिथं हात लावू पण नये. माझं म्हणणं एवढंच की तिथं आग लागल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जबाबदारी कुणाची हे कुणाला विचारावं लागलं नसणार.

आणि टाटा नाहीत म्हणून आपण हात वर करायचं पण कारण नाही. गिरगावात डॉ. अमृत नारायण भालेराव होते, पेशानं डॉक्टर, त्यांनी मुंबई मराठी साहित्य संघ वाढवला, १९४४ मध्ये नाट्यमहोत्सव केला, मराठी रंगभूमी सिनेमापुढं आडवी पडली होती त्या काळात. आज संघाच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. लांब कशाला, आपले केशवरावच घ्या. आपण त्यांना गायक नट म्हणून ओळखतो, पण १९०८ मध्ये ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली तेव्हा ते विशीत पण नव्हते आणि कंपनीचे मालक होते! कंपनी चालवायची म्हणजे गावोगावचे मुक्काम, नटांचे पगार, भटारखाना, पडदे, कपडे, रेल्वेचं सामान, आणि वर रात्री स्वतः उभं राहून गायचं. १९२१ मध्ये बालगंधर्वांसोबत संयुक्त मानापमान केलं टिळक स्वराज्य फंडासाठी, दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका स्टेजवर, याची बोलणी, तारीख, कुठली भूमिका कुणाची, हे जमवणं म्हणजे काय चेष्टा आहे का? आणि त्याच वर्षी गेले, ३१ व्या वर्षी. पण कंपनी मेली नाही. बापूराव पेंढारकरांनी धरली, नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र, म्हणजे आपले अण्णा पेंढारकर, त्यांनी ती कितीतरी दशकं चालवली आणि वर संगीत नाटकांचे प्रयोग टेपवर रेकॉर्ड करून ठेवले. मुंबईत भाभा जे उस्तादांसाठी करायचं म्हणत होते तेच अण्णा स्वतःच्या हिमतीवर नाटकाच्या पदांसाठी करत होते. २०१५ मध्ये गेले अण्णा. तुमच्या पेपरसकट सगळीकडं त्यांच्या गाण्याबद्दल छापून आलं, कंपनी चालवल्याबद्दल दोन ओळी.

मी स्वतः राज्य नाट्य स्पर्धेत बॅकस्टेज केलंय बरीच वर्षं, त्यामुळं नाट्यगृहं आतून बघितलीत. एका गावात, नाव सांगत नाही, आमच्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी कळलं की संध्याकाळी हॉल दुसऱ्या कुठल्यातरी कार्यक्रमाला दिलाय, पावती आमच्याकडं, चावी त्यांच्याकडं. ज्या साहेबांकडं दाद मागायला गेलो ते मागच्या महिन्यात पाणीपुरवठ्यात होते, आणि पुढच्या महिन्यात कुठं जाणार ते त्यांनाच माहिती नव्हतं. भला माणूस होता, चहा पाजला. पण त्याला सायक्लोरामा, म्हणजे स्टेजच्या मागचा मोठा पडदा, म्हणजे काय माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायला वेळ पण नव्हता, त्यात त्याचा काय दोष? जिथं खुर्चीवरचा माणूस सारखा बदलतो तिथं लाइट कमीजास्त करायचा डिमर बंद पडला की बंदच राहतो, मेकअप रूमचा नळ गळतो तो गळतच राहतो, आणि लेडीज टॉयलेटबद्दल तर नटी मंडळींनी इतक्या वेळा जाहीर बोलून झालंय की आता त्याही थकल्या असतील.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नवीन केशवराव उघडायच्या आधी, नंतर नाही, आधी, एक संचालक नेमा. नाटक, संगीत नाहीतर तांत्रिक बाजू यातलं निदान एक ज्यानं हातानं केलंय असा. पाच वर्षं हलवायचा नाही. तारखा कुणाला द्यायच्या ते तो ठरवेल आणि नाटकाच्या शनिवार-रविवारावर दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाचं पत्र आलं तर नाही म्हणायचा अधिकार त्याला लेखी असेल. दुरुस्तीसाठी थोडा पैसा त्याच्या सहीवर निघेल, एक बल्ब बदलायला फाइल चार टेबलं फिरणार नाही. आणि आत्ता बांधकाम चालू असतानाच तो साइटवर पाहिजे, कारण विंगेत किती जागा ठेवायची आणि नेपथ्याचा टेम्पो कुठल्या दारातून लागणार हे एकदा काँक्रीट पडल्यावर बदलत नाही.

भाभा २००७ मध्ये गेले, ९२ वर्षांचे. जाताना मलबार हिलवरचा मेहरांगीर बंगला संस्थेच्या नावावर करून गेले, तोच, जिथं होमी भाभा राहायचे. संस्थेनं तो २०१४ मध्ये लिलावात काढला, ३७२ कोटी आले. तेव्हा बराच वाद झाला, अणुऊर्जावाले म्हणाले म्युझियम करा, कोर्टात गेलं, पुढं बंगला पाडला पण. मला आजही वाईट वाटतं त्या बंगल्याचं, होमी भाभांचं घर होतं ते, एखादी खोली तरी ठेवायला हवी होती. पण दुसरीकडं वाटतं की ज्या माणसानं आयुष्यभर थिएटरचा खर्च कुठून काढायचा याचाच विचार केला त्यानं स्वतःचं घर पण त्याच हिशोबात धरलं असेल तर आपण कोण बोलणार. माझं अजून ठरत नाही.

आता असं पद काढलंच कुणी तर जाहिरातीत पहिली अट येईल वयाची, ३८ च्या आत, राखीव असेल तर ४३, आणि दुसरी येईल कुठल्यातरी मॅनेजमेंटच्या डिग्रीची. कृपा करून दोन्ही अटी घालू नयेत. पत्र लांबलंय, जागा नसेल तर मधला इतिहास खुशाल कापा, पण वयाच्या अटीचा मुद्दा आणि विंगेच्या जागेचा मुद्दा तेवढा ठेवा.

आपला,
एक जुना बॅकस्टेजवाला,
मंगळवार पेठ, कोल्हापूर