आधी तुकडा सांभाळा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

शंभर कॅन्सर रुग्णांमागे दोन ते पाच जणांच्या मानेत, काखेत, यकृतात किंवा हाडांत पसरलेला रोग दिसतो, पण तो निघाला कुठून हे सापडत नाही. मग घरचे लोक पेट-सीटी, एंडोस्कोपी करत दवाखाने पालथे घालतात. आमचे मागणे मात्र यंत्राचे नाही, तपासणीसाठी गाठीतून काढलेल्या पहिल्या तुकड्याचे (बायोप्सीचे) आहे.

गाठीत बारीक सुई घालून दोन-तीन स्लाइड काढल्या की ‘कॅन्सरच्या पेशी आहेत’ एवढे कळते. पेशी कोणत्या अवयवाच्या हे रंग लावून ओळखणाऱ्या पुढच्या आयएचसी तपासणीला काही उरत नाही. म्हणून जाड सुईने तीन-चार तुकडे घ्यावेत. ते लगेच, तुकड्यांच्या किमान दहापट 10 टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) टाकून 6 ते 72 तासांत प्रक्रियेला घ्यावेत. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा वाटेतच खराब होतो. फॉर्मलिनमध्ये आठवडे काढलेल्याचा डीएनए तुटतो. बरणीवर तुकडा टाकल्याची वेळ लिहायची तसदी तर क्वचितच कोणी घेते.

प्रयोगशाळेनेही एकदम वीस मार्कर (आयएचसीत पेशींतली ठरावीक प्रथिने दाखवणाऱ्या चाचण्या) लावू नयेत, ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) संपतो. आधी सीके-7 व सीके-20, मग गरजेप्रमाणे मूळ अवयव सुचवणारे टीटीएफ-1, गाटा-3, सीडीएक्स-2, पॅक्स-8.

एवढा आटापिटा कशासाठी? बाईच्या काखेतल्या गाठीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) निघाला, तर मॅमोग्राफी स्वच्छ असली तरी स्तनाचा एमआरआय करून स्तनाच्या कॅन्सरचे उपचार देता येतात. पुरुषाच्या हाडांत रोग आणि रक्तातले पीएसए (प्रोस्टेटचे प्रथिन) बरेच वाढलेले असेल तर प्रोस्टेटचे हार्मोन उपचार लागू पडतात. तरुणाच्या छातीत मध्यभागी गाठ असल्यास रक्तातले एएफपी व बीटा-एचसीजी बघितलेच पाहिजे. तो जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींचा कॅन्सर) असेल तर बराही होतो. तंबाखूच्या आपल्या राज्यात मानेची गाठ तर घसा दुर्बिणीने तपासल्याशिवाय कापून काढूच नये.

तेव्हा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जाड सुया व भरलेल्या फॉर्मलिनच्या बरण्या द्या. रुग्ण मुंबईला निघाला की ब्लॉक आणि स्लाइड त्याच्यासोबत गेल्याच पाहिजेत, असा आदेश काढा. मोबाइलमधल्या रिपोर्टच्या फोटोवर पुन्हा तपासणी होत नाही, पुन्हा सुई मात्र टोचावी लागते. आणि नीट शोधूनही मूळ मिळाले नाही, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ‘मूळ अवयव अज्ञात’ हेच पूर्ण निदान मानून केमोथेरपीला मंजुरी द्यावी.

आपले,
राज्यातील काही पॅथॉलॉजिस्ट व कॅन्सरतज्ज्ञ