पोराआधी मलाच प्रश्न

संपादक साहेब, नमस्कार.
आमचा थोरला दहावीला, दिवाळीपासनं गप्पच, शेंगाचटणी-भाकरीचं ताट तसंच सरकवायचा, आईनं नजर काढली, मी मोबाईल काढून घेतला, उपयोग शून्य. शेवटी टेलीमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावला, फुकट आहे बघा, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात. बाईंनी पोराआधी मलाच विचारलं, मार्क सोडून त्याच्याशी काय बोलता? मी मागावरनं रात्री येणार, काय बोलणार! आता जेवताना निदान मॅचवर तरी बोलतो, अर्धी भाकरी जास्त जाते. नंबर 2022 पासनं आहे, पण पोराच्या शाळेत पालकसभेला फीचं सगळं सांगितलं, हे कुणी नाही. सोलापुरातल्या प्रत्येक शाळेच्या फाटकावर तो रंगवून घ्या की.

– एक यंत्रमाग कामगार, सोलापूर