दादासारखा डिटेक्टिव्ह लिहिताना

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली तुझ्या कादंबरीची प्रकरणं झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली आणि पेन्सिल घेऊन वाचली. फोनवर वाचून माझं समाधान होत नाही. आणि हे सगळं फोनवर न बोलता लिहून पाठवतेय, कारण दादाचा विषय निघाला की आपण दोघी बोलता बोलता भलतीकडेच जातो.

सोसायटीच्या गणपतीचा चांदीचा मुकुट विसर्जनाच्या आदल्या रात्री कपाटातून जातो आणि शोध लावतो तो दुसऱ्या मजल्यावरचा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा, ही कल्पना मला फार आवडली. रक्त नाही, पाठलाग नाही, सगळे संशयित संध्याकाळी एकाच आरतीला उभे. अशी कथा लिहायला माणसं माहीत असावी लागतात आणि ती तुला माहीत आहेत. सेक्रेटरींचं बोलणं तर इतकं हुबेहूब उतरलंय की मला त्यांचा आवाज ऐकू आला.

पण तिसरं प्रकरण बदल. तुझा नायक वर्गणीच्या वहीवर एक नजर टाकतो आणि चोवीस पावत्यांची बेरीज तोंडी करून घोटाळा पकडतो, ते काढूनच टाक. 1988 साली ‘रेन मॅन’ हा सिनेमा आला, त्यातला स्वमग्न नायक अशीच झटपट आकडेमोड करतो, आणि तेव्हापासून लोकांना वाटतं की स्वमग्न माणूस म्हणजे चालतं कॅलक्युलेटर. ज्या किम पीक यांच्यावरून ती भूमिका सुचली, ते स्वतः स्वमग्न नसावेत असंच पुढे तज्ज्ञांचं मत झालं. तशी विलक्षण बुद्धी असणारे स्वमग्न लोक आहेत, पण थोडे. आपल्या दादाला आजही दुकानात सुटे पैसे मोजायला वेळ लागतो. त्याच्यात शोध लावण्यासारखं काय आहे, ते तुला त्या वहीत सापडणार नाही, दुसरीकडे शोधावं लागेल.

मला ते कुठे दिसतं, सांगते. आपली मोटर आठव. पाणी एक दिवसाआड येतं, सकाळी येतं, आणि वॉचमन मोटर लावतो तीही सकाळीच. मोटर सुरू झाली की दादा दोन्ही कानांवर हात ठेवतो आणि ती बंद होईपर्यंत जिन्यात येरझाऱ्या घालतो. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने हे पाहिलंय. कुणाला त्याचं काही वाटत नाही, ‘त्याला आवाज सहन होत नाही’ एवढं म्हणून माणसं पुढे जातात. आता तुझ्या पहिल्याच प्रकरणात, आदल्या रात्री बाराच्या सुमारास, नायकाला जिन्यात कानांवर हात ठेवून उभा कर. समोरच्या काकूंना तो दिसू दे, त्या त्याला घरी आणून सोडू देत. वाचकही काकूंसारखाच म्हणेल, अगं, हा असाच आहे. मोटर रात्री बाराला का लागली, हा प्रश्न कुणाच्याही मनात येणार नाही. आणि ती लावली होती कपाटाचं कुलूप तोडल्याचा आवाज झाकायला.

बघ, धागा वाचकासमोर उघडा ठेवलाय, काहीही लपवलेलं नाही, तरी तो दिसत नाही. कारण आपल्याला दादासारख्या मुलाचं वागणं दिसतं, त्यामागचं कारण विचारायची सवय नसते. रहस्यकथेला याहून चांगली आडोशाची जागा कुठे मिळणार? 1892 साली कॉनन डॉयलने ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये शेरलॉक होम्सला रात्री न भुंकलेल्या कुत्र्यावरून चोर ओळखायला लावला, कारण कुत्रा ओळखीच्या माणसावर भुंकत नाही. तिथे न झालेली गोष्ट धागा ठरली. तुझ्याकडे सगळ्यांनी पाहिलेली पण मोजलीच नाही अशी गोष्ट आहे. आणि अगाथा ख्रिस्तीबाईंची मिस मार्पल कशावर उभी आहे? 1927 च्या पहिल्या गोष्टीपासून ती विणकाम करत बसणारी म्हातारी, तिच्यासमोर माणसं मोकळेपणी बोलतात, कारण तिला कोण विचारतो! आपला फास्टर फेणेही फुरसुंगीचा पोरगाच, मोठ्यांनी आधी दुर्लक्ष करावं असा. हौशी गुप्तहेराचं सगळं बळ लोकांनी त्याला हिशेबात न धरण्यात असतं. दादाच्या वाट्याला ते रोज येतं. ते मला रोज बोचतं, म्हणूनच तुझ्या कादंबरीत ते कामी यावं असं फार वाटतं.

दुसरं, दादाची वाक्यं. तू नायकाला फार सफाईदार बोलायला लावलंयस. दादा चिडला की एसटी स्टँडवरची घोषणा म्हणतो, त्याच चालीत, त्याच अनुनासिक आवाजात. पाहुणे आले की चार वर्षांपूर्वी मामाने दारात म्हटलेलं वाक्य म्हणतो. लोकांना ते निरर्थक वाटतं. तू आणि मी जाणतो की ऐकलेलं वाक्य त्याच्याकडे जसंच्या तसं जमा असतं आणि तशीच भावना परत आली की ते बाहेर येतं. अशा मुलाने जिन्यात ऐकलेलं चोराचं एक वाक्य आठ दिवसांनी भलत्याच प्रसंगी म्हटलं तर? साक्ष अचूक, फक्त वेळ चुकलेली. ती वेळ कुणीतरी जुळवायला हवी. कोणी, त्याकडे येतेच.

त्याआधी ते एक वाक्य. पान अकरावर तू लिहिलंयस, ‘त्याला इतरांच्या भावना कळत नसत.’ मनू, आजी दवाखान्यात होती तेव्हा तिची वारांची गोळ्यांची डबी दादा रोज रात्री भरून ठेवायचा. घरात ती नव्हती, गोळ्या घेणारं कुणी नव्हतं. सोमवारची पांढरी, सोमवारची गुलाबी, झाकण टक्कन लावून पुढचा खण. ती घरी आली त्या दिवशी डबी तयार होती. तो रडला नाही, तिच्याजवळ गेलाही नाही. हे तू पाहिलंयस. डेमियन मिल्टन नावाचे एक अभ्यासक आहेत, स्वतः स्वमग्न. त्यांनी 2012 मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, स्वमग्न माणसांना आपण जितके कळत नाही तितकेच आपल्याला ते कळत नाहीत. दोष मात्र एकाच बाजूला लावला जातो. ते वाक्य खोड आणि तिथे डबीसारखं काहीतरी ठेव.

आता पुस्तकं. तुझ्या वसतिगृहाच्या लायब्ररीत मार्क हॅडनचं ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाईट-टाईम’ मिळेल, 2003 चं. स्विंडनमधला पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर शेजारच्या कुत्र्याला कुणी मारलं ते शोधतो. प्रकरणांना अनुक्रमांक म्हणून फक्त मूळ संख्या आहेत, हे तुला गंमतीचं वाटेल. पण कुत्र्याला मारणारा पुस्तकाच्या मध्यावरच कळतो आणि मग खरी गुपितं निघतात ती त्याच्याच घरातली. बांधणी शिकायला ते वाच. माणूस शिकायला मी ते देणार नाही. आपण स्वमग्नतेचे तज्ज्ञ नाही, असं हॅडन यांनीच सांगितलंय.

तुला वाचायलाच हवं ते शिवॉन डाउड यांचं ‘द लंडन आय मिस्टरी’. 2007 मध्ये आलं आणि त्याच वर्षी कॅन्सरने त्या गेल्या. लंडन आय हा थेम्सकाठचा प्रचंड पाळणा, एका फेरीला अर्धा तास. टेड आणि त्याची मोठी बहीण कॅट खाली उभे राहून पाहतात, त्यांचा मावसभाऊ सलीम 11:32 ला वर चढतो. 12:02 ला त्याची काचेची खोली खाली येते, दार उघडतं, सगळे उतरतात आणि सलीम नसतो. टेडला हवामानाचं वेड. तो एकेक शक्यता लिहितो, एकेक तपासून खोडतो. शेवट सांगणार नाही, पण टेडला जे कळतं ते मोठ्यांच्या कानावर घालताना त्याची जी दमछाक होते, ती पानं वाचताना माझे हात थरथरले.

आणि त्यात कॅट आहे. भावावर ओरडणारी, त्याची लाज वाटणारी, त्याच्यासाठी लंडनभर धावणारी. विचार टेडचा, धावपळ तिची, आणि एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नाही. तुझ्या कादंबरीत नायकाला आई आहे, बाबा आहेत, काकू आहेत, कुत्रासुद्धा आहे. बहीण नाही. तू स्वतःला का वगळलंस ते मला विचारायचं नाही. पण एसटीच्या घोषणेमागे भीती आहे हे ओळखणारं या घरात पहिलं माणूस तू होतीस, सात वर्षांची. माझ्या आधी, डॉक्टरांच्या आधी. जिन्यातलं ते वाक्य कोणत्या रात्रीचं हे जुळवणारी तिथे दुसरी कोण असणार? तिला रागीट ठेव. मैत्रिणींना घरी आणायला टाळणारी ठेव. तुझी तशी वर्षं मला माहीत आहेत आणि त्याबद्दल माझ्या मनात तुझ्याविषयी काडीचाही राग नाही.

पोलीस चौकशीचा प्रसंगही पुन्हा लिही. इन्स्पेक्टर सगळे प्रश्न आईला विचारतो आणि मुलगा शेजारी बसून राहतो, हे अगदी खरं आहे, युडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या वेळीही आपल्याकडे तेच झालं होतं. पण तुझी आई निमूटपणे उत्तरं देते. ती म्हणेल, ‘साहेब, त्याला विचारा. थांबावं लागेल थोडं.’ 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात न्याय मिळवण्याच्या हक्काचं वेगळं कलम आहे. तिने कलम सांगू नये, पण तिला ते माहीत असल्यासारखं तिचं बसणं असावं.

मी कालच दादाला विचारलं, मनू तुझ्यासारख्या मुलाची गोष्ट लिहितेय, चालेल का? तो बराच वेळ काही बोलला नाही. रात्री झोपताना म्हणाला, ‘मोटर नको.’ म्हणजे काय ते तू दिवाळीला आलीस की त्याच्याकडूनच समजून घे. गोष्टीत नको म्हणत असेल तर माझी सगळी युक्ती बाद आणि तुला दुसरा आवाज शोधावा लागेल. त्याला विचारल्याशिवाय चौथं प्रकरण लिहू नकोस.

आणि मोटरच्या खोलीची किल्ली. ती वॉचमनकडे असते, दुसरी सेक्रेटरींकडे. चोराकडे ती कशी आली हे तुझ्या आराखड्यात कुठेच नाही. मोटर ठेवलीस तर हे आधी ठरव, नाहीतर सोसायटीत राहणारा कुठलाही वाचक तुला तिथेच पकडेल.

तुझी,
आई