बाहेरचे खेकडे आणून ओढ्यात सोडू नका

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड पट्ट्यात ओढ्याचे खेकडे पूर्वीसारखे मिळत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे. त्यावर 'दुसरीकडून पोतंभर आणून सोडा, वर्षात भरतील' असा उपाय सर्रास सुचवला जातो. तळ्यात मत्स्यबीज सोडतात, तसेच हे असे वाटत असावे. खेकड्याच्या बाबतीत मात्र हा उपाय अंगाशी येण्याचीच शक्यता जास्त.

समुद्री खेकड्याची मादी लाखो अंडी घालते आणि त्यांतून निघालेल्या अळ्या प्रवाहाबरोबर कुठच्या कुठे जातात. ओढ्याच्या खेकडीची अंडी त्या मानाने फार थोडी, पण मोठी. तिच्या पोटाखालच्या झडपेतच अंड्यांतून थेट बारके खेकडे निघतात आणि काही काळ आईलाच चिकटून राहतात. वाहत लांब जाणारी अवस्थाच यात नाही. त्यामुळे एका ओढ्यातली वस्ती पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते आणि डोंगरधारेपलीकडच्या वस्तीपासून जनुकीयदृष्ट्या वेगळी पडत जाते. युरोप-अमेरिकेतल्या क्रेफिशचेही (गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला झिंग्यासारखा प्राणी) असेच आहे, म्हणून तिथले अनुभव आपल्या कामाचे.

सगळ्या खेकड्यांना हे सारखेच लागू नाही, हेही खरे. नदी-शेताकाठचा मोठा खेकडा पावसात जमिनीवरूनही चालतो आणि दख्खनभर आढळतो. खरी काळजी आहे ती सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर) जांभ्याच्या भेगांत आणि झाडांच्या ढोलींत राहणाऱ्या छोट्या, रंगीत खेकड्यांची. 'घाटियाना' ही त्यांची प्रजातीच मुळी 2014 साली मांडली गेली. 2016 मध्ये सह्याद्रीतून एकदम पाच नव्या जाती जाहीर झाल्या. अजून किती जाती नावाविना आहेत कोण जाणे. अशा वेळी रंगावरून 'आपलाच दिसतो' म्हणून एका घाटातला खेकडा दुसऱ्या घाटात सोडणे म्हणजे दोन जाती एकत्र कोंबणेही ठरू शकते. जात ओळखायची ती नराच्या पोटाखालच्या पहिल्या जननांगाच्या आकारावरून, भिंगाखाली. पाठीच्या रंगावर विसंबून नव्हे.

आता थोडा हिशेब. ओढ्यात शंभर मोठे खेकडे दिसले, तरी जनुकांच्या दृष्टीने ते शंभर असतीलच असे नाही. नर आणि मादी यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून एकूण संख्येने भागायचे. 90 नर आणि 10 माद्या असतील तर उत्तर येते 36. ही 'परिणामकारक संख्या', म्हणजे जनुकांच्या हिशेबात खरोखर धरायची संख्या, 25 वर आली की दर पिढीला 2 टक्के, म्हणजे दहा पिढ्यांत सुमारे 18 टक्के जनुकीय विविधता निव्वळ योगायोगाने गळते. खेकडे पुढे वाढले, तरी गेलेली विविधता लगेच परत येत नाही. म्हणून माद्या वाचवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. खेकडा उलटा करून पाहा: झडप अरुंद, निमुळती असेल तर नर; रुंद, गोल, जवळपास सगळे पोट झाकणारी असेल तर मादी. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यात झडपेखाली अंडी किंवा पिल्ले असतात. अशी मादी जिथे सापडली त्याच दगडाखाली परत ठेवावी. पिल्ले झटकून मादी तेवढी घरी न्यायची, याला काही अर्थ नाही.

पकडीखेरीज दुसरा घाव कीटकनाशक औषधांचा. उसातल्या हुमणीसाठी क्लोरपायरीफॉस वापरतात. पंप आणि डबे ओढ्यात धुतले की ते थेट खेकड्यापर्यंत पोहोचते. कीटक आणि खेकडे दोघेही संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांचे प्राणी. एकाच्या मज्जासंस्थेवर चालणारे औषध दुसऱ्याला सोडत नाही. मासे मारायला ओढ्यात औषध ओतणाऱ्यांबद्दल तर काय बोलावे! पकडीत निदान लहान खेकडे निसटतात, विषात एकही वय सुटत नाही.

रोगाचा मुद्दा सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात शेतीसाठी अमेरिकी सिग्नल क्रेफिश आणले. ते सुटले आणि त्यांच्याबरोबर 'क्रेफिश प्लेग' पसरला. बुरशीसारखा हा जंतू अमेरिकी क्रेफिश अंगावर बाळगून जगतो, तिथला पांढऱ्या नांग्यांचा देशी क्रेफिश मात्र मरतो. आता काही देशी वस्त्या जुन्या खाणींच्या एकाकी तळ्यांत राखाव्या लागत आहेत. तुर्कस्तानात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांतही हा जंतू सापडला आहे. तेव्हा शोभेच्या माशांच्या दुकानातून आणलेला परदेशी क्रेफिश कंटाळा आला म्हणून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नये. एका ओढ्यातून दुसऱ्याकडे जाताना जाळी आणि बूट घासून, पूर्ण वाळवूनच न्यावेत.

एखाद्या ओढ्यात खेकडे पुन्हा सोडायचेच असतील, तर ते त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाचे घ्यावेत आणि आधी जनुकीय तपासणी करावी. त्यासाठी खेकडा मारावा लागत नाही. चालायच्या एका पायाचे टोक पुरते. कात टाकताना पाय पुन्हा फुटतो. तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदलावे, कारण मांसातल्या पाण्याने ते पातळ होते. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाकावी. पेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. एका ओढ्याचे 20 ते 30 नमुने हवेत. केवळ मायटोकाँड्रियातले (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातले) 'सीओआय' हे जनुक वाचून थांबू नये, त्यातून फक्त आईकडची बाजू कळते. आई-बाप दोघांकडून येणाऱ्या, पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएच्या खुणाही पाहाव्यात.

नमुने घेण्याआधी वन विभागाची लागेल ती परवानगी घ्यावी. गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवहीत नुसते 'खेकडा' असे न लिहिता ओढ्याचे नाव, महिना आणि नर-मादी अशी नोंद ठेवावी. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना एक विनंती: संग्रहातला खेकडा फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकण्याआधी त्याचा एक पाय इथेनॉलमध्ये बाजूला ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या नमुन्यातून धड डीएनए मिळवणे फार कठीण असते.

— गोड्या पाण्यातील जीवांचे काही अभ्यासक, कोल्हापूर