न उचललेल्या कॉलचंही बिल येतं

महोदय,

परदेशी निघालेल्यांना रोमिंगचे पॅक सुचवणारे पुष्कळ भेटतात. कॉल डायव्हर्ट, म्हणजे न उचललेला कॉल दुसरीकडे वळवणारी सोय, बंद करून निघा, असं मात्र सहसा कोणी सांगत नाही. खरं तर पहिलं काम तेच. व्हॉइसमेल (कॉल न उचलल्यास निरोप रेकॉर्ड करणारी सेवा) सुरू असेल आणि तिकडे आलेला कॉल तुम्ही उचलला नाही, तर तो आधी तुमच्यामागे परदेशात येतो आणि तिथून व्हॉइसमेलसाठी पुन्हा मायदेशी वळतो. पॅक नसेल तर एक शब्दही न बोलता या दोन्ही फेऱ्यांचे पैसे लागू शकतात. म्हणून निघण्याआधी, आपल्याच नेटवर्कवर असताना ##००२# डायल करावं. सगळे डायव्हर्ट रद्द होतात.

ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये डाउनलोड होणारं सिम, घेणाऱ्यांची फसगत वेगळीच. प्रवासाच्या बऱ्याच ई-सिमवर फक्त डेटा असतो, नंबर नसतो. अशा वेळी सवयीने कॉन्टॅक्टमधून साधा कॉल लावला, की तो घरच्या सिमवरून रोमिंगच्या दराने जातो. इथेच बहुतेकांचे पैसे जातात, त्यामुळे कॉल व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपमधूनच लावावा. घरचं सिम ओटीपीपुरतं चालू ठेवावं, त्याचं डेटा रोमिंग बंद करावं आणि एका सिमची रेंज गेल्यावर डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणारी सेटिंगही बंद करावी. व्हॉट्सअ‍ॅपने नवा नंबर घ्यायचा का विचारलं, तर जुनाच ठेवावा.

*#०६# डायल केल्यावर ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. फोन एखाद्या कंपनीला लॉक असेल तर मात्र दुसऱ्या कंपनीचं ई-सिम चालणार नाही. ई-सिम घेताना मिळणारा क्यूआर कोड घरच्या वाय-फायवरच स्कॅन करावा. तिकडे पोहोचल्यावर ई-सिम डिलीट करू नये, कारण तोच कोड बहुधा पुन्हा चालत नाही. मुदत स्कॅन केल्यापासून मोजतात की तिथलं नेटवर्क पकडल्यापासून, हे घेतानाच वाचावं.

संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, कॉल सहसा लागत नाहीत. तिथे परवाना असलेलं अ‍ॅप दोन्हीकडच्या फोनवर लागतं. घरच्या ज्येष्ठांच्या फोनवर ते आधीच घालून, एकदा कॉल लावून दाखवावा.

क्रूझवर तर फोन थेट फ्लाइट मोडवरच ठेवावा. भर समुद्रात जहाजाचं नेटवर्क उपग्रहावरून चालतं, त्याचे दर भारी असतात आणि नेहमीच्या पॅकमध्ये ते सहसा येत नाही.

आपला,
एक वाचक