बंटीच्या नोकरीबद्दल, आणि जोसे फॉन्तेबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मोठी कंपनी सोडून बंटी लहान कंपनीत गेला, हे तुमच्या फार मनाला लागलंय. "सव्विसाव्या वर्षी माणूस वर चढतो, हा खाली उतरला," असं बाबा फोनवर म्हणाले. तेव्हापासून जोसे फॉन्ते हा फुटबॉलपटू डोक्यात आहे. बाबा, तुम्ही तालमीच्या फुटबॉल संघाकडून स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळायचात, आणि फॉन्तेही स्टॉपरच, म्हणून तुम्हाला हे चटकन समजेल. आई, तूही शेवटपर्यंत वाच.

फॉन्ते पोर्तुगालच्या पेनाफिएलचा. वडील फुटबॉलपटू, धाकटा भाऊ रुईसुद्धा. लिस्बनच्या स्पोर्टिंगमध्ये तयार झाला, पण तिथल्या मुख्य संघात त्याला जागा मिळाली नाही. पुढे बेन्फिका क्लबने घेतलं आणि दुसऱ्या क्लबांना उसना देत राहिले. 2007 मध्ये तो इंग्लंडात क्रिस्टल पॅलेसकडे आला. दुसऱ्या श्रेणीचा क्लब, पण त्याचं बस्तान बसलं होतं. आणि जानेवारी 2010 मध्ये, सव्विसाव्या वर्षी, तो तिथून साउथॅम्प्टनला गेला. साउथॅम्प्टन तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होतं, दिवाळखोरीच्या संकटामुळे दहा गुण कापले गेल्याने तो हंगाम उणे दहावरून सुरू झाला होता! त्याच्या आईवडिलांना तेव्हा काय वाटलं असेल, मला माहीत नाही. तुमच्यासारखंच वाटलं असलं तर नवल नाही.

2011 मध्ये संघ एक श्रेणी वर आला, 2012 मध्ये थेट प्रीमियर लीगमध्ये. 2014 मध्ये फॉन्ते कर्णधार झाला. त्याच नोव्हेंबरात, एकतिशी महिन्यावर आलेली असताना, तो पहिल्यांदा पोर्तुगालकडून खेळला, अर्जेंटिनाविरुद्ध.

2016 चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, तर बाबा, आपण दोघांनी पाहिलाय. गटातले तिन्ही सामने पोर्तुगालचा अडतीस वर्षांचा स्टॉपर कार्व्हाल्यो खेळला. क्रोएशियाविरुद्ध त्याच्या जागी फॉन्ते उतरला, आणि मग बाहेर बसलाच नाही. त्या चार सामन्यांत मिळून पोर्तुगालने एकच गोल खाल्ला, तोही पोलंडविरुद्ध. फायनलला पंचविसाव्या मिनिटाला रोनाल्डो बाहेर गेला, समोर फ्रान्स, मैदान पॅरिसचं. पेपे आणि फॉन्ते एकशेवीस मिनिटं उभे राहिले. तुम्हीच मला शिकवलंत, स्टॉपरने बॉलच्या मागे धावायचं नसतं, बॉल येणार तिथे आधी पोचायचं असतं. त्या रात्री मला ते डोळ्यांनी दिसलं. एदेरचा विजयी गोल सगळ्यांना आठवतो, मला मात्र हे दोघं आठवतात.

पुढचं तर मला याहूनही आवडतं. 2021 मध्ये फॉन्तेचा तेव्हाचा क्लब लील फ्रान्सच्या लीगचा विजेता ठरला, पॅरिसच्या धनाढ्य संघापेक्षा एका गुणाने पुढे. 38 सामन्यांत फक्त 23 गोल खाल्ले. कर्णधार फॉन्ते, वय सदतीस; शेजारी बॉटमन, एकविशीतलं पोर.

बंटीचंही असंच होईल, असा शब्द मी देत नाही. पण जिथे त्याला रोज खेळायला मिळतंय तिथे तो गेलाय. आधीच्या कंपनीत तो नुसता बाकावर बसून होता, मी पाहिलंय. त्याची उमेद मला खरी वाटते, आणि तुम्ही त्याच्या पाठीशी असावं असं मनापासून वाटतं.

रविवारी त्याला फोन करा. पगाराचं विचारू नका, काय काम करतो ते विचारा. तासभर बोलेल. आई, गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घे.

तुमची,
सुमी